सहा हजार रुपयांत ट्रेकिंगचे सामान: आधी काय घ्यावे, आणि दोराचे काय करावे?

प्रश्न: होटगी रोड

नमस्कार. मी सोलापुरात एका पतसंस्थेत लेखनिक आहे, वय एकतीस. डोंगराचा अनुभव विचाराल तर दरवर्षी कोजागरीला सोलापूरहून तुळजापूरला पायी जातो आणि नळदुर्गाच्या बुरुजावर दोन-तीनदा चढलो आहे. त्यापलीकडे काही नाही. यंदा मात्र आम्ही चौघा मित्रांनी मनावर घेतले आहे. डिसेंबरमध्ये कळसूबाई, जानेवारीत हरिश्चंद्रगडावर एक मुक्काम आणि फेब्रुवारीत पुण्याकडच्या एका संस्थेचे दोन दिवसांचे प्रस्तरारोहण शिबिर, असा बेत आहे.

सामानासाठी मी सहा हजार रुपये बाजूला काढले आहेत आणि घरी तसे सांगूनही बसलो आहे, त्यामुळे हा आकडा ताणता येणार नाही. सध्या माझ्याकडे बॅडमिंटनचे बूट, कॉलेजच्या काळातली सॅक, जीनच्या दोन पँटी, दुचाकीचे हेल्मेट आणि अर्थातच सोलापुरी चादर आहे. यातले काय चालेल आणि काय नव्याने घ्यावे लागेल? शिवाय ऑनलाइन एक ‘क्लाइंबिंग सेट’ पाहिला. वीस मीटर दोर, दोन कॅराबिनर (दोर अडकवायच्या, तोंड उघडणाऱ्या धातूच्या कड्या) आणि हार्नेस (कमरेला व मांड्यांना बांधायचा पट्टा) असे सगळे मिळून २,२०० रुपयांना आहे. मित्राचे म्हणणे असे, की तोही घेऊ नये, कारण हार्डवेअरच्या दुकानात जाड नायलॉनचा दोर किलोवर मिळतो. जाणकारांनी कृपया सविस्तर सांगावे.

उत्तर: घसारा

होटगी रोड दादा, आकडा पुरेसा आहे. फक्त त्यातला मोठा हिस्सा पायांत जाऊ द्या.

सह्याद्रीत माणूस घसरतो तो बहुधा उतरताना, आणि मुख्यतः दोन ठिकाणी: सुटी माती आणि बारीक खडी पसरलेल्या वाटेवर, जिच्यावरून मी इथले नाव घेतले आहे, आणि ओल्या कातळावर. घसाऱ्यावर बुटाच्या तळाच्या खोल खाचा कामाला येतात, कोरड्या कातळावर रबराचा मऊपणा कामाला येतो, आणि शेवाळलेल्या कातळावर कितीही महाग बूट भरवशाचा नसतो. तेथे सरळ बसून उतरावे. बॅडमिंटनच्या बुटाचा तळ सपाट कोर्टासाठी केलेला असतो, त्यामुळे तो या कामाचा नाही. दुकानात बूट हातात घेतला की तळ अंगठ्याच्या नखाने जोरात दाबून पाहावा. खूण लगेच भरून आली तर ते रबर समजावे. खूण तशीच राहिली आणि बूट हातात कापसासारखा हलका लागला, तर तो नुसता फोम आहे आणि आपल्या काळ्या दगडावर तो लवकर झिजणार. आपल्याकडच्या ट्रेकर मंडळींत ‘ॲक्शन’च्या ट्रेकिंग बुटांचे नाव वर्षानुवर्षे घेतले जाते. ते दिसायला साधे आहेत आणि पाणी अडवत नाहीत, पण कातळावर धरून ठेवतात. ‘डेकॅथलॉन’चे क्वेचुआ जातीचे खालच्या किमतीचे बूटही पुरतात. डिसेंबर-जानेवारीत जलरोधक बुटासाठी जादा पैसे मोजण्याचे कारण नाही. तसे बूट घामही आत कोंडून ठेवतात.

बूट संध्याकाळी घ्यावेत, कारण दिवसभराच्या वापराने पाय थोडे फुगलेले असतात आणि डोंगरावरही ते तसेच फुगतात. ज्या मोज्यांवर चालणार तेच मोजे घालून जावे. अंगठ्यापुढे बोटभर जागा राहिली पाहिजे. दुकानाच्या पायरीवर बुटाची टोके खाली करून उभे राहावे आणि बोटे पुढे टेकली तर तो नंबर सोडून द्यावा, कारण कळसूबाईच्या उतरणीवर तीच बोटे दोन तास टेकत राहतील आणि घरी येईपर्यंत नखे काळी पडतील.

एक जुनी गोष्ट सांगतो. माझे एक चांगले, महागातले बूट चार वर्षे माळ्यावर नीट खोक्यात ठेवलेले होते. ते घालून राजगडावर गेलो आणि गुंजवण्याकडे उतरताना डाव्या बुटाचा तळ चहात बुडवलेल्या खारीसारखा थराथराने सुटू लागला. सॅकच्या पट्ट्याने तो बांधला आणि पुढचा दीड तास लंगडत उतरलो. पुढे कळले की अशा बुटांत मधला थर पॉलियुरेथेनचा असतो आणि हवेतल्या ओलाव्याने तो न वापरताही आतून कुजतो. म्हणून ‘जुना साठा, निम्म्या किमतीत’ असे कोणी सांगितले तर मधला थर बोटाने दाबून आणि बूट वाकवून पाहावा. बारीक भेगा दिसल्या तर तेथूनच परतावे. वापरलेले बूट तर विकत घेऊच नयेत.

सॅकचे म्हणाल, तर कळसूबाईला कॉलेजची सॅक खुशाल न्या. मुक्कामाला मात्र चाळीस-पंचेचाळीस लिटरची आणि कमरेला रुंद पट्टा असलेली सॅक लागते. हा पट्टा कमरेच्या हाडांवर घट्ट बसला की बरेचसे ओझे खांद्यांवरून कमरेवर उतरते. नुसता शोभेचा अरुंद पट्टा असेल तर त्याचा उपयोग नाही. ही सॅक यंदा कोणाकडून तरी मागून न्यावी. चेन गेलेली जुनी सॅक मिळाली तरी नाही म्हणू नका, आपल्या शहरात बॅगा शिवणारे कारागीर शंभर-दीडशे रुपयांत नवी चेन बसवून देतात. आत एक जाड प्लास्टिकची मोठी पिशवी घालून त्यात सगळे सामान भरले, की वरच्या रेनकव्हरची गरज उरत नाही.

हेडटॉर्च जरूर घ्या. कळसूबाईला सूर्योदयासाठी पहाटेच निघाल तर लोखंडी शिड्यांवर दोन्ही हात मोकळे हवेत, आणि मोबाइलचा उजेड हातातच धरावा लागतो. दोनशे ल्युमेनचा साधा टॉर्च पुरतो. तंबू घेऊ नका.

उत्तर: मंगळवेढेकर

वरचे सगळे मान्य आहे, कपड्यांविषयी मात्र कोणी बोलले नाही म्हणून लिहिते.

सोलापुरात बसून सुताला नावे ठेवणे जिवावर येते, पण डोंगरावर ते सांगावेच लागते. आपल्याकडच्या कोरड्या उन्हाळ्यात सुती कपडा सुखाचा असतो, कारण तो घाम शोषतो आणि तो घाम उडताना अंग गार होते. हाच गुण थंडीच्या दिवसांत गडावर उलटतो. चढताना पाठ भिजते, माथ्यावर वारा लागतो आणि ओले सूत अंगाची ऊब ओढून घेत राहते. त्यामुळे चढायला पॉलिएस्टरचा साधा खेळाचा टी-शर्ट घालावा; नवी पेठेत दोनशे-अडीचशे रुपयांत तो मिळतो आणि त्यावर कोणत्या कंपनीचे नाव आहे याने काही बिघडत नाही. कोरडा सुती शर्ट सॅकमध्ये ठेवावा आणि मुक्कामाला पोहोचल्यावर बदलावा. जीन मात्र घरीच ठेवा: ती भिजली की जड होते, वाळत नाही आणि उंच पायरीवर गुडघा वर घेताना मांडीत अडकते. ट्रॅकपँट पुरेशी आहे. मोजेही सुती नकोत. फोड येतात ते ओल्या मोज्याच्या घर्षणाने. आपण तुळजापूरला चालत जाता, तेव्हा ही गोष्ट आपल्या टाचांना आधीच ठाऊक असेल.

आता चादरीविषयी. मी घरातली एक चादर काट्यावर ठेवून पाहिली, ती दीड किलोला थोडीच कमी भरली. स्लीपिंग बॅग नसताना एका रात्रीपुरती ती चालेल, पण तिच्याआधी खाली घालायला फोमची कॅरीमॅट घ्या. हरिश्चंद्रगडावरच्या गुहेतली दगडी जमीन रात्रभर अंगाची ऊब शोषत असते, आणि पांघरूण कितीही जाड असले तरी खालून जाणारी ऊब ते थांबवू शकत नाही. चारशे-पाचशे रुपयांची मॅट आणि एक चादर घेऊन झोपलेला माणूस हा दोन चादरी घेऊन नुसत्या दगडावर झोपलेल्यापेक्षा सुखात असतो, हे मी पाहिलेले आहे. त्या दोन चादरींखाली मीच होते.

पाण्यासाठी वेगळी पिशवी किंवा नळीची बाटली घेऊ नका. बाजारच्या पाण्याच्या एक लिटरच्या रिकाम्या बाटल्या सर्वांत हलक्या असतात. अशा तीन भरून घ्याव्यात आणि परत आणाव्यात. ओआरएसच्या पुड्या नसतील तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ हे प्रमाण धरावे, चमचा चहाचा. काठीसाठीही खर्च नको. पायथ्याच्या गावात बांबूची काठी मिळते आणि उतरताना गुडघ्यांना तिचा आधार होतो.

होटगी रोड

घसारा दादा आणि मंगळवेढेकर ताई, दोघांचेही मनापासून आभार. बूट आणि कपडे यांचे चित्र स्पष्ट झाले. दोराचा प्रश्न मात्र तसाच आहे. माझ्या मित्राच्या शेतात विहिरीत मोटार सोडण्यासाठी जो दोर आहे, तो त्या मोटारीचे वजन वर्षानुवर्षे धरतो. मग ऐंशी किलोचा माणूस त्यावर का उतरू नये, असा त्याचा सवाल आहे, आणि खरे सांगायचे तर मला त्याला उत्तर देता आले नाही.

उत्तर: दुसरा दोर

आपल्या मित्राला सांगा, की मोटार विहिरीत सोडतात, ती पडत नाही. फरक तेवढाच आहे आणि तो फार मोठा आहे.

स्थिर लटकलेले ऐंशी किलो आणि दोन-तीन मीटर पडून दोरावर अडलेले ऐंशी किलो यांत दोराला बसणारा ओढा अनेक पटींनी वेगळा असतो. दोर न ताणता एकदम थांबला तर तो सगळा झटका माणसाच्या कमरेला आणि वरच्या खिळ्याला बसतो. म्हणून चढाईचा डायनॅमिक दोर मुद्दाम ताणला जाईल असा विणतात. त्यासाठीच्या ईएन ८९२ या युरोपीय मानकाप्रमाणे एकेरी वापराच्या दोराच्या चाचणीत पहिल्या पडण्याचा झटका १२ किलोन्यूटनपेक्षा (साधारण १,२०० किलोंच्या भारापेक्षा) जास्त असता कामा नये आणि दोर ४० टक्क्यांपर्यंत ताणला तरी चालतो. दुसरा प्रकार कमी ताणाचा, म्हणजे बोलीत ज्याला स्टॅटिक म्हणतात तो. त्याचे मानक ईएन १८९१ असून तो रॅपलिंगसाठी, म्हणजे दोरावरून खाली उतरण्यासाठी, आणि सामान ओढण्यासाठी असतो. पुढे चढणाऱ्या माणसाने तो कमरेला बांधायचा नसतो. हार्डवेअरमधला दोर या दोन्हींत बसत नाही. तो पुष्कळदा नायलॉनचा नसून पॉलिप्रॉपिलीनचा असतो, उन्हाने ठिसूळ होतो आणि साधारण १६० अंश सेल्सिअसला वितळतो. रॅपलिंग करताना धातूवर दोर घासून किती तापते, हे एकदा उतरल्यावर आठच्या आकड्याच्या डिसेंडरला (दोर ज्यातून ओवून उतरतात त्या कडीला) बोट लावले की कळते. आतला गाभा आणि बाहेरचे आवरण अशी रचनाही त्या दोरात नसते, त्यामुळे एका जागी घासला की भार धरणारे धागेच तुटू लागतात.

आता त्या २,२०० रुपयांच्या संचाकडे वळू. खऱ्या कॅराबिनरच्या अंगावर तीन आकडे कोरलेले असतात: लांबीच्या दिशेने साधारण २२, आडव्या दिशेने ७ किंवा ८ आणि तोंड उघडे असताना ७ किंवा त्याहून थोडे अधिक. हे आकडे किलोन्यूटनमध्ये असतात आणि ढोबळमानाने एक किलोन्यूटन म्हणजे शंभर किलोंचा भार. म्हणजे जो कॅराबिनर सरळ ओढला असता २,२०० किलोंचा भार सोसतो, तोच तोंड उघडे राहिल्यास सातशेच्या आसपास हार मानू शकतो. स्क्रूगेट, म्हणजे कॅराबिनरच्या तोंडाची फिरवून बंद करायची कळ, बंद केला का, हे प्रशिक्षक पुन्हा पुन्हा का विचारतात ते यावरून लक्षात यावे. नुसते ठसे पाहूनही भागत नाही, कारण ठसे कोणीही मारू शकतो. अधिकृत विक्रेत्याकडून, पावतीसह घेतलेल्या मालालाच अर्थ आहे. ज्या संचातल्या दोराचे मानक, उत्पादनाचे वर्ष आणि निर्माता या तिन्ही गोष्टी जाहिरातीत लिहिलेल्या नाहीत, तो संच फुकट मिळाला तरी घेऊ नये.

वापरलेल्या सामानाबद्दलही सांगतो, कारण पैसे कमी असले की मन तिकडेच धावते. काही वर्षांपूर्वी मी एका गृहस्थाकडून अर्ध्या किमतीत हार्नेस घेतला. दिसायला नवा होता, शिवण शाबूत, बकल चकचकीत. पहिल्याच शिबिरात प्रशिक्षकाने तो उन्हात धरला, पायाच्या पट्ट्यावरचा रुपयाएवढा फिकट डाग दाखवला आणि हा कुठे ठेवला होता म्हणून विचारले. मी फोन केला तेव्हा समजले, की घर बदलताना तो गाडीच्या डिकीत इन्व्हर्टरच्या बॅटरीशेजारी पडून होता. बॅटरीचे आम्ल नायलॉनला आतून खाते आणि वरून फारसे काही दिसत नाही. त्याने माझ्यासमोर कात्रीने तो पट्टा कापला. पैसे गेले, पण राग आला नाही. म्हणून दोर, हार्नेस, स्लिंग (विणलेल्या पट्टीचा फास) असे धाग्याचे सामान कधीही वापरलेले घेऊ नका. नवे घेतले तरी निर्माते त्याची कमाल मर्यादा साधारण दहा वर्षे सांगतात, मग ते कपाटात का पडून असेना.

दुचाकीचे हेल्मेट नको. ते जड असते, कान झाकल्याने वरून येणारी हाक नीट ऐकू येत नाही आणि मान वर करताना ते मागे सॅकला अडते. बांधकामावरचे पिवळे टोपही नको, कारण त्यांचा हनुवटीचा पट्टा कशात अडकल्यास गळफास बसू नये म्हणून कमी ताणालाच सुटेल असा केलेला असतो, तर गिर्यारोहणाच्या हेल्मेटचा पट्टा माणूस आदळला तरी टिकावा अशी ईएन १२४९२ या मानकाची अपेक्षा असते. तांत्रिक सामानातले एकच काही स्वतःचे घ्यायचे झाले, तर मी हेल्मेटच घेईन. पण यंदा तेही नको, शिबिराची संस्था देते.

फी भरण्याआधी संस्थेला एवढे जरूर विचारा: दोर, हार्नेस आणि हेल्मेट तुमचे असते का, दोर कोणत्या वर्षीचा आहे आणि तो किती वापरला याची नोंद तुम्ही ठेवता का. तिसऱ्या प्रश्नावर जे हसतील त्यांच्याकडे जाऊ नका. पुढे कधी उत्तरकाशीच्या नेहरू गिर्यारोहण संस्थेचा किंवा दार्जिलिंगच्या हिमालयन माउंटेनियरिंग इन्स्टिट्यूटचा पायाभूत अभ्यासक्रम करावासा वाटला, तरी तेथेही अभ्यासक्रमापुरते तांत्रिक सामान संस्थाच देते. म्हणजे स्वतःचा दोर घेण्याची वेळ आपल्याला वाटते त्यापेक्षा पुष्कळ उशिरा येते, आणि तोवर कोणता घ्यावा हेही कळू लागलेले असते.

हार्डवेअरचा दोर अगदीच टाकाऊ मात्र नाही. त्याचे तीन मीटर घ्या आणि खाटेच्या पायाला आठाची गाठ रोज वीस वेळा बांधा. शिबिराला गेल्यावर अर्धा दिवस वाचेल.

उत्तर: सांगोल्याचा

चादरीवर इतके बोलणे झाले आणि घोंगडीचे नाव कोणीच काढले नाही, याचे नवल वाटले. आमच्याकडे धनगरांच्या हातमागावरची लोकरी घोंगडी अजून मिळते. लोकर दमट झाली तरी ऊब बरीच टिकवते, सूत टिकवत नाही. ती वजनाला चादरीहून जड आहे आणि अंगाला टोचते, हे कबूल. चौघांत दोन घोंगड्या न्या आणि ओझे वाटून घ्या.

होटगी रोड

सर्वांचे आभार. मित्राला ‘मोटार पडत नाही’ हे वाक्य ऐकवले. तो काही वेळ गप्प बसला आणि मग गाठींसाठी तीन मीटर दोर त्यानेच आणून दिला.

आजवरचा हिशेब असा आहे. बूट १,९५०, दोन टी-शर्ट ४५०, मोज्यांचे दोन जोड ३८०, कॅरीमॅट ४५० आणि हेडटॉर्च ६५०, मिळून ३,८८० रुपये. मोठी सॅक मेहुण्याकडून मिळाली. तिची चेन बाळीवेशीत १२० रुपयांत बदलून घेतली, म्हणजे बरोबर चार हजार झाले. उरलेले दोन हजार शिबिराच्या फीसाठी बाजूला ठेवले आहेत. त्या संस्थेला तिन्ही प्रश्न विचारले, तेव्हा त्यांनी दोराच्या नोंदवहीच्या पानाचे छायाचित्रच पाठवले. घोंगडीसाठी एका मित्राच्या सांगोल्याच्या मामांकडे निरोप गेला आहे.

एकच अडचण उरली आहे. आठ नंबरच्या बुटात पायरीवर बोटे पुढे टेकत होती म्हणून नऊ घेतले, तर आता चढताना टाच किंचित उचलली जाते. बदलून आणावेत काय?

उत्तर: घसारा

बोटे मोकळी आहेत ना, मग नऊच ठेवा. टाच नाडीने धरता येते. अगदी वरच्या दोन छिद्रांतून नाडी सरळ न नेता प्रत्येक बाजूला त्याच बाजूच्या दोन छिद्रांमध्ये लहान फास करा, समोरच्या बाजूच्या नाडीचे टोक त्या फासातून ओवून खाली आणि मागे ओढा, मग नेहमीसारखी गाठ मारा. तरीही उचलली, तर थोडे जाड मोजे घालून पाहा. हे सगळे घरातल्या फरशीवर दोन दिवस करा, कारण तळाला एकदा माती लागली की दुकानदार बदलून देत नाही. जमले की एखाद्या रविवारी तुळजापूर रस्त्याला दहा-बारा किलोमीटर चालून या, आणि टाच सोलली का ते इथे कळवा.